तंबूचं तोंड

फलटण,
२ जानेवारी

तीर्थरूप आबांना सोनीचा नमस्कार.

हे पत्र मल्हारपेठेच्या भाऊसोंच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. दरवर्षी या दिवसांत तुम्ही मेंढ्या घेऊन त्या बाजूला असता आणि बाजाराच्या दिवशी मीठ-चहापूड घ्यायला त्यांच्याकडं येता, हे मी विसरलेले नाही. फोन करून दमले. रिंग वाजते, तुम्ही उचलता, मी "आबा" म्हणते आणि फोन कट होतो. लग्न झाल्यापासून दीड वर्ष हेच चाललंय. डोंगरात रेंज नसते हे मला सांगू नका. रेंज नसली तर रिंगसुद्धा वाजत नाही.

काम आहे म्हणून लिहिते. साईराज चाळीस दिवसांच्या सुट्टीवर आलेत. लग्नानंतर आम्ही दोघं कुठंच गेलो नव्हतो, कारण आठव्या दिवशी ते परत बॉर्डरला गेले. तर आता १८ आणि १९ तारखेला, शनिवार-रविवार, मोटरसायकलवरून कोयनेला कँपिंगला जायचं ठरलंय. कँपिंग म्हणजे, हसू नका, आपला तंबू आपण न्यायचा, पाण्याकाठी लावायचा, चूल पेटवून उघड्यावर जेवायचं आणि तिथंच झोपायचं. लोक हौसेनं करतात. सासूबाई म्हणाल्या, अगं तुझ्या बापानं जन्मभर तेच केलं की, त्यात बघायचं काय?

तंबू ऑनलाइन मागवलाय, केशरी रंगाचा. मला तुमच्याकडून एवढंच हवंय की तिथं तंबूला चांगली जागा कुठली, या दिवसांत वारा कुठून येतो आणि वाटेत खायला कुठं थांबावं. तुमच्याएवढं हे कुणाला माहीत नाही. उत्तर दिलंत तर बरं होईल. नाही दिलंत तर आम्ही कुठंतरी कुडकुडत पडू, आणि त्याचं पाप तुमच्या डोक्यावर.

तुमची
सोनी


मल्हारपेठ,
८ जानेवारी

सोने,

तुजं पत्र भाऊसोनं साखरंच्या पोत्यावर टाकून ठिवलं हुतं, आज हातात दिलं. इचारलंस म्हणून लिवतो, दुसरं काय न्हाई. चवथीपातूर शिकल्याला मानूस हाय, अक्षर समजून घे.

साताऱ्यात कंदी पेढं घे. चकचकीत दुकानात शिरू नगंस, जुन्या पेठंत जा, खवा खमंग भाजल्याला बघून घे. उंब्रजला आलं घालून उसाचा रस पी. मल्हारपेठंत एस्टी स्टँडच्या मागं रंगूबाई भाकरी करती. तिचा ठेचा तव्यातच खरडल्याला आसतो, वरनं कच्चं तेल घालून माग. पाटणच्या फुडं नाथाजीची च्याची टपरी हाय, तितं कुळथाचं गरम माडगं मिळतं. थंडीवाऱ्यात त्यापरास चांगलं काय न्हाई. माजं नाव कुटं सांगू नगंस.

आता जागा. कोयनानगरच्या फुडं, धरणाच्या मागल्या अंगाला येक म्हातारा उंबर हाय. तितं सपाट माळ हाय, समोर पानी, मागं टेकाड. उंबराखाली तंबू ठोकू नगंस, रातीचं दंव गळतं. तंबूचं तोंड टेकाडाकडं कर. पान्याकडं करू नगंस, वारं पान्यावरनं येतं. ध्यानात ठेव, तोंड टेकाडाकडं.

आमचा तळ त्या दिसांत पाटणच्या खाली आसंल. मेंढरं व्यायला लागल्यात. तकडं काय येनं हुनार न्हाई.

लगीन केलंस तवा इचारलं न्हाईस. आता तंबूचं इचारतीस. बरं हाय.

बिराप्पा


फलटण,
१२ जानेवारी

आबा,

पत्राखाली "बिराप्पा" लिहिलंत. वाचून हसू आलं आणि मग रडू आलं. असो.

शेवटच्या दोन ओळींचं उत्तर आता देऊनच टाकते. तेव्हा साईराजची सुट्टी होती बारा दिवसांची. काकांनी स्थळ आणलं. आईला पसंत पडलं, मलाही पडलं. तुम्ही मेंढ्या घेऊन डोंगरात होतात. काकांनी तीन दिवस तुम्हाला फोन लावला, तो बंद. चौथ्या दिवशी सगळे म्हणाले, उरकून घेऊया. मी म्हटलं, आबा येईपर्यंत थांबू. काका म्हणाले, पोरगा परत गेला की वर्षभर येत नाही, तोवर त्याला दुसरीकडं मुली सांगून येतील. आई हळकुंडं निवडायला बसली. मीही तिच्याशेजारी बसले.

एकदाच म्हटलं मी. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं, कारण मला साईराज आवडले होते आणि मलाच धीर नव्हता. काकांच्या माथी मारून चालणार नाही. ही चूक माझी आहे, आबा, आणि ती मला रोज टोचते.

आणखी एक. कोयनाच का, तर या दिवसांत तुम्ही त्या वाटेला असता म्हणून. साईराजना मी सांगितलंय की तिथं सूर्यास्ताचे फोटो छान येतात. तुम्ही येणार नाही म्हणता, तर नका येऊ. पण त्यांना एकदा तरी बघायला हवं होतं तुम्ही. माणूस चांगला आहे. मी आमटी तिखटजाळ केली तरी नाक पुसत पुसत दोन वाट्या खातात.

सोनी


फलटण,
२१ जानेवारी

आबा,

जाऊन आलो. सुखरूप आहोत. मला तेवढी सर्दी झालीय.

तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी थांबलो. साताऱ्यातले पेढे उंब्रज यायच्या आत निम्मे संपले. साईराज म्हणाले, तुझ्या वडिलांच्या यादीनं गेलो तर कोयनेला पोचेपर्यंत माझी पँट लागायची नाही. तुमचं नाव मी कुठं घेतलं नाही, शप्पथ. पण मल्हारपेठेत रंगूबाईंनी भाकरी वाढता वाढता माझ्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, तू बिराप्पाची कोन गं? नाक त्येच हाय. आता नाक कुठं लपवू?

लेक म्हटल्यावर त्यांनी ठेच्यावर तेल ओतत मला माझ्याच लग्नाची हकीकत सांगितली. गेल्या वर्षी तुम्ही त्यांना पेढे नेऊन दिलेत. तुम्ही सांगितलंत म्हणे की लग्न थाटात केलं, हजार माणूस जेवलं, गजी ढोल वाजला आणि पोरगी पिवळ्या साडीत अशी दिसत होती की बापाला तिच्याकडं बघवेना. पुढं नाथाजींच्या टपरीवर माडगं पितानाही तेच. तेच पेढे, तीच हजार माणसं, तीच पिवळी साडी. साईराजनी पैसे काढले तर नाथाजींनी त्यांचा हात मागं सारला. जावयाकडून पैसे घेत नाहीत म्हणाले.

आबा, साडी हिरवी होती. काकांनी घाईत आणलेली. मांडवात शंभर माणसं असतील, आणि ढोल नव्हताच. तुम्ही असतात तर तुम्ही सांगता तसंच झालं असतं.

माळावर पोचलो तर उंबरापासून थोडं लांब चूल मांडलेली होती. तीन दगड, आणि त्यातला तिसरा आडवा. भाकरी टेकवायला तिसरा दगड आडवा फक्त तुम्ही ठेवता. शेजारी वाळक्या काटक्यांची मोळी होती. चुलीत राख नव्हती. म्हणजे आमच्यासाठी मांडलीत आणि न भेटता निघून गेलात. मी त्या दगडांपाशी बसून पोटभर रडले. हाक मारावी असं फार वाटलं. पण ज्यांना भेटायचंच नाही त्यांना हाक कशी मारायची?

तंबूचं तोंड मात्र पाण्याकडं झालं; चूल पुढ्यात आणि टेकडी तंबूआड. साईराजना आत बसून सूर्यास्त बघायचा होता. मी म्हटलं एकदा, आबांनी टेकडीकडं करायला सांगितलंय. पण ते हौसेनं खुंट्या ठोकत होते, मग मी ताणलं नाही. तुमच्या चुलीवर वांगी भाजली, भाकरी केल्या. जेवताना मला धुराचा आणि मेंढ्यांचा वास आला. साईराज म्हणाले, तुला माहेर आठवतंय. मलाही तसंच वाटलं. मग वारा सुटला आणि सकाळपर्यंत आमचे दात वाजत होते. वाऱ्याबद्दल तुमचं खरं होतं.

चूल मांडून दिलीत, याला राग म्हणायचं की माया, ते मला कळत नाही. तुम्हीच सांगा.

सोनी


मल्हारपेठ,
२५ जानेवारी

सोने,

तुजं पत्र तीनदा वाचलं. भाऊसोच्या दुकानात बसूनच लिवतोय.

मी गेलो न्हवतो. मी मागं टेकाडावर हुतो.

पाटणच्या खाली आसंल म्हनलं त्ये खोटं. चार दिसांची वाट दोन दिसांत काढली, कोवळी कोकरं खांद्यावर घिऊन. दुपारी चूल मांडली नि मेंढरं टेकाडावर चढवली. दिस बुडताना तितं मोठा जाळ केला. म्हनलं तंबूचं तोंड हिकडं आसंल, सोनीला जाळ दिसंल नि ती उठून यील. म्हनून तर तुला दोनदा लिवलं.

तुमी तोंड पान्याकडं केलं. मला नुसती तंबूची पाठ दिसत हुती, केशरी. म्हनलं झालं, चूल बघितली, कुनी मांडली त्येबी वळाकलं, आन तरी पाठ फिरवून बसली. मी दीड वरीस फोन घेतला न्हाई त्याचं लेकीनं फेडलं. आपला मोत्या भुकला न्हाई. शेपूट हालवत खाली बघत हुता. कुत्र्याला कळलं, मला कळलं न्हाई. उजाडायच्या आत मेंढरं उठवली.

तू म्हनशील, आबा तुमी खाली का आला न्हाई. सांगतो. आपल्यात बाप लेकीला मेंढी देतो नि जावयाला घोंगडं. मेंढी हाय. तुज्या नावानं राखलीय, दोनदा व्याली. घोंगडं विनायला दिलंय त्ये आजून आलं न्हाई. जावई पयल्यांदा बघायचा आन हात रिकामं? दीड वरीस तू समजतीस की आबाला राग हाय. निम्मा राग हाय, निम्मी लाज हाय. पोरीच्या लग्नात बाप न्हवता ह्ये मी रंगूबाईला कोन्या तोंडानं सांगू? म्हनून पेढं वाटलं.

फोन मी उचलतो. तू आबा म्हनतीस आन मला रडू फुटतं. मग कट करतो.

साडी हिरवी हुती व्हय. फोटू मी मागितला न्हाई, कुनी दावला न्हाई.

तोंड टेकाडाकडं करा म्हनून तू सांगितलंस, पन परत येकदाच सांगितलंस.

आबा


फलटण,
२९ जानेवारी

आदरणीय मामा,

मी साईराज. तुमचा जावई. आपली भेट नाही, तरी लिहितोय. सोनी दोन दिवस पत्र लिहायला बसते आणि फाडते. तुमचं पत्र उशीखाली आहे. जेवण नावाला चाललंय. म्हणून आज कागद मी घेतला.

तंबूचं तोंड मी फिरवलं. ती म्हणाली होती. मी तिला म्हटलं, फौजेत दहा वर्षं झाली, तंबू मला शिकवू नकोस. आमच्याकडं रंगरुटानं तंबूचं तोंड वाऱ्याकडं केलं तर उस्ताद त्याला थंडीत बाहेर उभा करतो. तुम्ही कागदावर सगळं लिहून दिलेलं असताना मी फोटोच्या नादात ते केलं. ज्या फोटोसाठी केलं तो धड आलासुद्धा नाही. तेव्हा शिक्षा मला द्या, तिला नको.

लग्नाची घाईही माझीच होती, मामा. सुट्टी बारा दिवसांची होती हे खरं. पण एक फोन करून आठवडा वाढवून मागता आला असता. मी मागितली नाही. मुलीचे वडील कुठं आहेत एवढं मी विचारलं, डोंगरात आहेत असं उत्तर आलं आणि मी मान डोलावली. माझे वडील फौजेत होते. माझ्या बारशाला, माझ्या लहानपणीच्या आजारपणात, दहावीच्या निकालाला ते कधी नव्हते. बाप लांब असणं मला नेहमीचं वाटलं. त्या बापाला काय वाटत असेल हे मी तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा समजलो.

माझी सुट्टी ११ फेब्रुवारीला संपते. ८ तारखेला शनिवार आहे. तुम्ही सांगाल तिथं आम्ही येतो. घोंगडं झालेलं नसेल तर राहू द्या, मला तुम्हाला बघायचंय. सोनी म्हणते एकदा विचारून भागत नाही. म्हणून तीनदा विचारतो. येऊ का? येऊ का? येऊ का?

तुमचा
साईराज


मल्हारपेठ,
३ फेब्रुवारी

जावईबापू,

या, या, या.

येवडं लांबड लावायची गरज न्हवती. पत्र भाऊसोनं वाचलं, मग त्यानं दुकानात आल्याल्या चौघांना वाचून दावलं. आता सगळा बाजार तुमची वाट बघतोय. रंगूबाईला मी खरं काय त्ये सांगितलं. लय हसली. म्हनली, बिराप्पा, हजार मानूस जेवलं म्हनलास तवाच मला शंका आल्ती, तुला शंभराच्या फुडं कुटं मोजता येतंय.

मल्हारपेठंच्या वरल्या अंगाला तात्याबाचं रान हाय. रानाला खत म्हनून त्यानं आमची मेंढरं बसवून घेतल्यात, आटवडाभर हलत न्हाई. सोनीच्या आईलाबी गावाकडनं बोलावलंय. साताऱ्यातनं येताना किलोभर पेढं आना. गेल्या वर्सी वाटलं त्ये खोटं हुतं, यंदा परत वाटायचं.

तुमचा तंबू आना. ठोकायचा कसा त्ये मी दावतो.

सोनीला म्हनावं, रडायचं आसंल त्ये फलटणातच उरकून ये.

बिराप्पा


फलटण,
१३ फेब्रुवारी

आबा,

साईराज परवा गेले. सामानात बाकी सगळं मोजून-मापून, पण तुम्ही दिलेलं घोंगडं सगळ्यात वर. मी म्हटलं, वजन होतंय, ठेवून जा. ऐकलं नाही. बॉर्डरला पोचल्यावर उस्तादाला दाखवणार आहेत म्हणे.

शनिवारचं तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. मी मुद्दाम पिवळी साडी नेसले होते. बांधावरून तुम्ही मला बघितलंत आणि एकदम पाठ फिरवून मेंढ्यांत शिरलात. वाटलं, परत निघालात. आई म्हणाली, थांब, भंडारा आणायला गेलेत. मग तुम्ही आलात आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर एवढा भंडारा उधळलात की साईराजना शिंका सुटल्या. त्या शिंका थांबेपर्यंत तुमचे डोळे पुसून झाले होते. मी बघितलं, आबा. अजून केस धुताना पाणी पिवळं होतंय.

तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात. "थांबायचं हुतंस, सोने." आणि मी "हो" म्हटलं. दीड वर्ष मी त्या वाक्याला घाबरत होते. ऐकल्यावर मात्र मला इतकी भूक लागली की मी तीन भाकरी खाल्ल्या.

साईराजनी तंबू ठोकला. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत होतात. सगळा ठोकून झाल्यावर तुम्ही एकेक खुंटी उपटलीत आणि तंबू फिरवलात. हे बाजूला उभे राहून बघत होते, रंगरुटासारखे. सकाळी मी तंबूची चेन उघडली तर समोर तुम्ही, चुलीपुढं, तिसरा दगड आडवा आणि त्याला टेकलेली भाकरी. माझ्या नावाची मेंढी तुमच्या पाठीशी उभी. मी बराच वेळ तशीच पडून तुम्हाला बघत राहिले. तुम्हाला कळलं नसेल. किंवा कळलं असेल.

मेंढी सध्या तुमच्याकडंच राहू द्या. इथं उसात तिचं मन रमायचं नाही. मी बघायला येत जाईन.

आणि काल संध्याकाळी फोन वाजला. दीड वर्षात पहिल्यांदा तुमच्याकडून. मी "आबा" म्हटलं. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, मोत्या भुंकत होता. मी पुन्हा "आबा" म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं. तुम्ही बोलला नाहीत. पण फोनही ठेवला नाहीत.

तुमची
सोनी